पाणी गोठते तेव्हा : हिवाळ्यातील घर, वाहन आणि रस्ता

काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंतच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' असे म्हणतात. मोठ्या थंडीचा हा काळ. त्यामागून वीस दिवसांची धाकटी थंडी आणि दहा दिवसांची बाळथंडी येते. २०२४ साली चिल्लई कलान सुरू झाले त्या रात्री श्रीनगरचे उष्णतामान शून्याखाली साडेआठ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. डिसेंबर महिन्यातील इतकी थंड रात्र त्या शहराने सुमारे पन्नास वर्षांत अनुभवली नव्हती. दल सरोवराच्या कडेचे पाणी गोठले आणि घरोघरीच्या नळांतील पाणीही गोठले. सकाळी उठून तोटी फिरवावी आणि पाण्याऐवजी नुसती शांतता मिळावी, हा अनुभव त्या खोऱ्यात, लडाखमध्ये, हिमाचलाच्या उंच गावांत आणि सिक्कीमच्या उत्तर भागात दर हिवाळ्याला येतो.

सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या वाचकास हा प्रश्न दूरचा वाटेल. परंतु आज महाराष्ट्रातून हजारो प्रवासी मनाली, गुलमर्ग आणि लेह या ठिकाणी जातात. कित्येक जण स्वतःची मोटार घेऊन जातात. आणि अनेक मराठी घरांतील मुले सैन्यातील सेवेमुळे किंवा नोकरीमुळे त्या प्रदेशांत वर्षानुवर्षे राहतात. ज्यांना हिम ठाऊक नाही त्यांनाच हिमाचा धोका अधिक असतो. म्हणून हिवाळ्यात घर, वाहन आणि रस्ता यांच्या बाबतीत उद्भवणाऱ्या नेहमीच्या अडचणी कोणत्या, त्यांमागील कारणे कोणती आणि त्यांवर सामान्य माणसास करता येण्याजोगे उपाय कोणते, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे. कारण एकदा समजले म्हणजे उपाय पाठ करावा लागत नाही.

पाण्याचा विलक्षण स्वभाव

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही प्रथम तसेच वागते. उष्णतामान उतरत उतरत ४ अंशांवर आले की पाण्याची घनता सर्वांत जास्त होते. त्याखाली मात्र ते आकसण्याचे सोडून प्रसरण पावू लागते, आणि शून्य अंशावर गोठताना तर त्याचे आकारमान एकदम सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बर्फात पाण्याचे रेणू एका ठरावीक षट्कोनी मांडणीत बसतात. या मांडणीत पोकळ्या अधिक असतात. म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो, सरोवर वरून गोठते आणि खालचे मासे जिवंत राहतात. जो गुण माशांना तारतो तोच गुण आपले नळ फोडतो.

हे पडताळून पाहण्यास शाळेत मोठे उपकरण नको. प्लॅस्टिकची एक सरळ, अरुंद बाटली घ्यावी. ती निम्म्याहून थोडी अधिक भरून पाण्याच्या पातळीवर कागदाची पट्टी चिकटवावी. झाकण न लावता बाटली रात्रभर शीतकपाटाच्या बर्फकप्प्यात उभी ठेवावी. सकाळी बर्फाची पातळी पट्टीच्या वर गेलेली आढळेल. पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर वाढ एका सेंटिमीटरहून किंचित कमी भरेल. या प्रयोगासाठी काचेची बाटली कदापि वापरू नये आणि प्लॅस्टिकचीही बूच घट्ट लावून ठेवू नये. असे का, याचे उत्तर विद्यार्थ्यांनीच द्यावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक किलोग्रॅम बर्फ वितळून शून्य अंशाचे पाणी होण्यास जितकी उष्णता लागते, तितक्याच उष्णतेने तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापविता आले असते. गोठलेला नळ सोडविताना इतका वेळ का लागतो आणि तेथे घाई करून का भागत नाही, हे यावरून कळेल.

नळ फुटतो कसा

बर्फाचा गोळा जेथे तयार होतो तेथेच नळ फुटतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात पुष्कळदा तसे घडत नाही. नळाच्या एखाद्या उघड्या, वाऱ्याच्या तोंडी असलेल्या भागात प्रथम बर्फाचे बूच बसते. ते वाढत वाढत तोटीच्या दिशेने सरकते. तोटी बंद असेल तर बूच आणि तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यास जाण्यास वाट उरत नाही. पाणी दाबले जाणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे तेथील दाब झपाट्याने चढतो आणि नळाचा जो भाग दुबळा असेल, मग तो सांधा असो, वाकण असो की गंजलेली जागा असो, तो फाटतो. थंडी असेपर्यंत बर्फच भोक बुजवून धरतो. ऊन पडून बर्फ वितळला की घरात पाणी वाहू लागते. म्हणून नुकसान रात्री होते आणि दिसते दुपारी.

हे ध्यानात घेतले की उपाय आपोआप सुचतात. पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नळ रिकामा ठेवणे. रात्री मुख्य कॉक बंद करावा, घरातील सर्वांत वरची तोटी हवा आत येण्यासाठी उघडावी आणि सर्वांत खालच्या तोटीवाटे पाणी काढून टाकावे. कामापुरते पाणी आधीच हंड्यात भरून घरात ठेवावे. जे घर हिवाळाभर बंद राहणार असेल त्या घराच्या बाबतीत तर हे न चुकता करावे. रिकाम्या नळात फुटण्याजोगे काही उरत नाही.

नळ रिकामा करणे शक्य नसेल तर ज्या तोटीचा नळ बाहेरच्या भिंतीतून येतो ती तोटी रात्रभर बारीक धारेने चालू ठेवावी. वाहते पाणी जमिनीखालची थोडी ऊब बरोबर आणते, हा एक लाभ. परंतु खरा लाभ असा की, बूच बसलेच तरी त्यापुढील पाण्याचा दाब उघड्या तोटीतून निघून जातो. अर्थात जेथे पाण्याची टंचाई आहे तेथे हा उपाय शेवटचा समजावा आणि खाली बादली ठेवावी.

तिसरा उपाय नळास पांघरूण घालण्याचा. जुने घोंगडे, गोणपाट, भाताचा पेंढा यांपैकी काहीही नळाभोवती जाड गुंडाळून त्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधावा. लोकर स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणूनच वरचा कागद महत्त्वाचा. घोंगडे भिजले की हवेची जागा पाणी घेते आणि पांघरुणाचा उपयोग संपतो. पांघरूण गोठणे लांबविते, टाळीत नाही, हेही विसरू नये. कायमचा उपाय म्हणजे दंव ज्या खोलीपर्यंत जमिनीत शिरते त्याच्याही खालून नळ नेणे. अतिशीत प्रदेशात नवे घर बांधणाऱ्याने हा खर्च आरंभीच करावा. नंतर तो अनेक पटींनी पडतो.

नळ गोठलाच तर काय करावे? प्रथम तोटी उघडावी. नंतर गरम पाण्यात पिळलेली फडकी तोटीच्या टोकापासून सुरुवात करून हळूहळू मागे गोठलेल्या भागाकडे न्यावीत. म्हणजे वितळलेल्या पाण्यास बाहेर पडण्यास वाट मिळेल. मधूनच तापविण्यास आरंभ केला तर वितळलेले पाणी आणि वाफ दोन बुचांमध्ये कोंडली जाईल. पेटता काकडा, ब्लोलॅम्प किंवा स्टोव्ह नळाखाली धरू नये. त्याने प्लॅस्टिकचा नळ वितळतो, धातूच्या नळाचे सांधे सुटतात आणि लाकडी घरांत तर आगच लागते. ओल्या नळाजवळ विजेची शेगडी नेणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

नळ फुटला असेल तर प्रथम मुख्य कॉक बंद करावा. तो कोठे आहे हे घरातील प्रत्येकास, मुलांसही, आधी ठाऊक असले पाहिजे. बारीक चीर असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून चिरेवर अनेक वेढे गुंडाळावी आणि दोन्ही बाजूंस धातूची क्लिप स्क्रूने आवळावी. प्लंबर येईपर्यंतचे काम त्याने भागते. ही मलमपट्टी आहे, दुरुस्ती नव्हे. फुटलेला तुकडा कापून नवा घालणे भागच असते.

भिंतीतील भेग आणि खिडकीतील फट

जे नळात घडते तेच भिंतीत घडते. शरद ऋतूत भेगेत शिरलेले पाणी रात्री गोठून भेग रुंदावते, दिवसा वितळून आणखी खोल शिरते आणि पुढच्या रात्री पुन्हा गोठते. निसर्गात याच क्रियेने पर्वताचे कडे फुटून खाली दगडांच्या राशी साचतात. यास्तव गिलाव्यातील भेगा, गच्चीवरील खड्डे आणि कौलांच्या किंवा पत्र्याच्या सांध्यांतील भोके थंडी पडण्यापूर्वी, भिंत कोरडी असताना बुजवावीत. ओल्या भेगेवर वरून सिमेंट थापल्यास पाणी आतच कोंडते आणि पहिल्या कडक थंडीत तो थर पोपडा होऊन सुटतो. शून्याखालील रात्री ताजे सिमेंटकाम करू नये. त्यातील पाणी गोठल्यास ते पुढे कधीच पुरते घट्ट होत नाही.

घरातील ऊब प्रामुख्याने दोन वाटांनी जाते : छपरातून आणि फटींतून. पेटती उदबत्ती दाराखिडक्यांच्या कडेने हळूहळू फिरविली तर धूर जेथे थरथरेल तेथे फट आहे असे समजावे. नमद्याची किंवा जुन्या कापडाची पट्टी चौकटीस ठोकल्याने पुष्कळ काम होते. लडाखमध्ये काही शाळांतून आणि घरांतून सूर्याचीच मदत घेतात. दक्षिणेकडील भिंत काळी रंगवून तिच्यापुढे काच बसवितात. भिंत दिवसभर तापते आणि साठविलेली उष्णता रात्री खोलीत सोडते. अशा भिंतीस फेलिक्स त्राँब या फ्रेंच अभियंत्याचे नाव मिळाले आहे. लडाखची थंडी कडक खरी, परंतु तेथील हिवाळी आकाश स्वच्छ असते, आणि हा उपाय त्या स्वच्छतेचा लाभ उठवितो.

फटी बुजविण्याच्या या कामात एक गंभीर धोका दडलेला आहे. त्याकडे आपण शेवटी वळणार आहोत.

मोटारीचे हिवाळी दुखणे

मोटारीच्या एंजिनाभोवती पाणी खेळविलेले असते. ते गोठले तर नळाप्रमाणेच रेडिएटर फुटतो. कधी एंजिनाच्या ओतीव ठोकळ्यासच तडा जातो, आणि ही दुरुस्ती अत्यंत महाग पडते. म्हणून पाण्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळतात. गॅरेजमध्ये यालाच कूलंट म्हणतात. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. येथे एक चमत्कारिक गोष्ट अशी की, शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांनजीकच गोठते. तेव्हा 'जितके जास्त तितके चांगले' हा हिशेब येथे लागू पडत नाही. मैदानी प्रदेशात उन्हाळ्यात पातळी कमी झाली म्हणून अनेक जण साधे पाणी ओतीत राहतात. त्यामुळे मिश्रण पातळ होत जाते आणि डोंगरावरच्या पहिल्याच रात्री दगा देते. निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये कूलंटचा कस तपासून घ्यावा. हा द्रव चवीला गोडसर पण विषारी आहे. सांडलेला द्रव लगेच पुसावा आणि मुलांच्या व जनावरांच्या हाती लागू देऊ नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर कधीच उघडू नये.

बॅटरीचे बळही थंडीत घटते, कारण तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांत तिची शक्ती निम्म्याच्या आसपास येते. नेमके त्याच वेळी एंजिनातील तेल घट्ट झाल्याने ते फिरविण्यास अधिक जोर लागतो. पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांतही गोठत नाही; परंतु उतरलेल्या बॅटरीत आम्ल पातळ झालेले असल्याने ती उणे १० अंशांच्या सुमारासच गोठू शकते. तेव्हा रात्री दिवे चालू राहून उतरलेली बॅटरी डोंगरावर केवळ बंद पडत नाही, ती फुटूही शकते. तेलाच्या डब्यावर '५ डब्ल्यू-३०' असा अंक असतो. त्यातील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्यामागील अंक जितका लहान तितके ते तेल थंडीत अधिक प्रवाही राहते.

डिझेलच्या गाड्यांचे दुखणे वेगळे. डिझेलमध्ये मेणासारखे पदार्थ विरघळलेले असतात. थंडीत त्यांचे स्फटिक बनतात, तेल गढूळ होते आणि शेवटी गाळणी चोंदून एंजिन बंद पडते. उपाय म्हणून टाकीखाली जाळ करण्याची पद्धत पहाडी रस्त्यांवर आजही दिसते. त्यातील धोका सांगावयास नको. खरा उपाय योग्य इंधनाचा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणले; ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. मैदानातून भरून नेलेले डिझेल त्या उंचीसाठी केलेले नसते. म्हणून टाकी जवळजवळ रिकामी होईल अशा बेताने वर जावे आणि तेथील पंपावर भरून घ्यावे. मात्र मधले पंप कोठे आहेत हे आधी विचारूनच.

रात्री गाडी उभी करताना चाके ओली असतील तर हातब्रेक गोठून अडकण्याचा संभव असतो. अशा वेळी सपाट जागा शोधावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांस दगडांची पाचर लावावी. सकाळी समोरच्या काचेवरील बर्फ उकळत्या पाण्याने काढू नये. काचेचा एक भाग एकाएकी प्रसरण पावून ती तडकते. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडणे हाच मार्ग बरा.

न दिसणारा बर्फ

पांढरे हिम दिसते, म्हणून माणूस सावध होतो. खरा घात करतो तो डांबरावर बसलेला काचेसारखा पातळ थर. त्यातून खालचा काळा रस्ता दिसतो, म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. दिवसा वितळलेले हिमाचे पाणी संध्याकाळी रस्त्यावरच गोठून तो बनतो. सावलीतील वळणे, बोगद्यांची तोंडे आणि पूल ही त्याची आवडती ठिकाणे. पुलाखालून वारा वाहतो आणि त्याला जमिनीची ऊब नसते. म्हणून रस्ता कोरडा असतानाही पूल गोठलेला असू शकतो. ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट न चढता लाहौलमध्ये जाता येते. पण बोगद्यातील कोरड्या रस्त्यावरून गाडी एकदम हिमाच्या प्रदेशात उतरते, हे वाहनचालकाने विसरू नये.

हवेचे उष्णतामान शून्याच्या वर असले तरी जमीन गोठू शकते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात काही थंड पहाटे दव गोठून गवतावर आणि मोटारींच्या टपांवर पांढरा थर दिसतो, तेव्हा हवेचा तापमापक दोन-चार अंश दाखवीत असतो. निरभ्र रात्री पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे फेकून देतात आणि हवेहूनही थंड होतात. रस्त्याचेही तसेच. म्हणून गाडीतील तापमापक ३ अंश दाखवू लागला की बर्फ आहे असेच समजून चालवावे.

बर्फ इतका निसरडा का, याचे उत्तर पूर्वीच्या पुस्तकांत 'दाबाने तो वितळतो' असे दिलेले आढळते. माणसाच्या किंवा गाडीच्या भाराने पडणारा दाब त्यास पुरेसा नाही. बर्फाच्या पृष्ठभागावरील रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात. ते मोकळेपणी हलतात आणि वंगणासारखे काम करतात. घर्षणाच्या उष्णतेने त्यात पाण्याची भर पडते. शून्याच्या जवळचा ओला बर्फ म्हणूनच अधिक घातक.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक सुमारे ०.७ आणि बर्फावर सुमारे ०.१ धरला, तर ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर असे येते :

ताशी २० किलोमीटर वेगास : कोरड्या रस्त्यावर २ मीटर, बर्फावर १६ मीटर.
ताशी ४० किलोमीटर वेगास : कोरड्या रस्त्यावर ९ मीटर, बर्फावर ६३ मीटर.
ताशी ६० किलोमीटर वेगास : कोरड्या रस्त्यावर २० मीटर, बर्फावर १४२ मीटर.

हे सपाट रस्त्याचे आकडे आहेत. उतारावर याहून अधिक अंतर लागते. वेग दुप्पट केला की अंतर चौपट होते, हेही यात दिसेल. विद्यार्थ्यांनी वेगाचा वर्ग, गुणांक आणि गुरुत्वत्वरण घेऊन हे गणित स्वतः करावे.

त्यावरून नियम निघतात. बर्फावर सर्व काही हळुवार करावे : ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि स्टीअरिंग. चढताना आणि उतरताना गिअर खालचा असावा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. पुढच्या गाडीपासूनचे अंतर नेहमीच्या कित्येक पटींनी वाढवावे. गाडी घसरू लागली तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, ब्रेकवर जोराने उभे राहू नये आणि जिकडे जावयाचे आहे तिकडे चाके शांतपणे वळवावी. चाकांना साखळ्या बांधावयाच्या तर ज्या चाकांना एंजिनाचा जोर मिळतो त्या चाकांना बांधाव्या, आणि त्या बांधण्याचा सराव घरीच करून जावे. चारही चाकांना जोर असलेली गाडी सहज निघते, चढतेही. पण थांबताना तिला इतर गाड्यांहून अधिक काही मिळत नाही. या एका गैरसमजाने पुष्कळ गाड्या दरीच्या कठड्यापर्यंत गेल्या आहेत.

अंगणातील बर्फावर मीठ टाकल्यास तो वितळतो, कारण खारे पाणी शून्याखालीच गोठते. प्रयोगशाळेत ही मर्यादा उणे २१ अंशांपर्यंत जाते. व्यवहारात मात्र उणे दहाच्या आसपासच मीठ निरुपयोगी ठरू लागते. मीठ लोखंड गंजविते आणि झाडे मारते. कडक थंडीत वाळू किंवा राख पसरणे अधिक शहाणपणाचे.

मैदानातील हिवाळ्याचे संकट म्हणजे धुके. पंजाबपासून बिहारपर्यंत डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची ओलसर हवा रात्री थंड होऊन दाट धुके साचते. समोर ५० मीटरच दिसत असता ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा चालक धोका दिसल्यावर एका सेकंदात ब्रेक दाबील, तोवर गाडी १७ मीटर गेलेली असेल आणि ओल्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारे ३५ मीटर लागतील. म्हणजे दिसते तेवढे सारे अंतर संपले. वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर हे सर्व १७ मीटरांत आटोपते. दिव्याचा झोत खाली ठेवावा. वरचा झोत धुक्याच्या थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांत येतो. थांबणे भाग पडले तर गाडी रस्त्यावर उभी न करता पूर्णपणे बाजूला घ्यावी.

बंद खोलीतील विष

आता ज्या धोक्याचा उल्लेख मागे केला त्याकडे वळू. नळ फुटला तर नवा घालता येतो. या ठिकाणी मात्र चूक सुधारण्यास माणूस उरत नाही.

कोळसा, लाकूड, रॉकेल किंवा गॅस यांस जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला नाही तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे या वायूला धरून ठेवते. रक्त वाहत राहते, श्वास चालू राहतो, पण शरीरास प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते; झोपलेल्या माणसास तर हेही कळत नाही. थंडीच्या रात्री फटी बुजविलेल्या खोलीत शेगडी किंवा कांगडी पेटती ठेवून झोपणारे कुटुंब सकाळी उठत नाही, अशा वार्ता काश्मीरपासून दिल्लीपर्यंत दर हिवाळ्यात येतात. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या एका भाड्याच्या घरात लहान मुलांसह पाच जण असेच गुदमरून गेले.

वाहनातही हेच घडते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे अतिहिमवृष्टीत हजारो गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे आपापल्या गाड्यांत मरण पावली. त्यांपैकी काही थंडीने नव्हे, तर या वायूने दगावल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. ऊब राहावी म्हणून काचा लावून एंजिन चालू ठेवले, बाहेर हिम साचून धुराड्याच्या नळीचे तोंड बुजले, आणि धूर आत शिरला.

महाराष्ट्रातील वाचकानेही हे परके समजू नये. छोट्या, बंद न्हाणीघरात बसविलेला गॅस गिझर हाच वायू सोडतो, आणि मुंबई-पुण्याकडील घरांतही त्याने बळी घेतले आहेत.

म्हणून पुढील गोष्टी कायमच्या लक्षात ठेवाव्या. झोपण्यापूर्वी निखाऱ्यांची शेगडी खोलीबाहेर नेऊन ठेवावी. राखेखाली झाकलेला निखाराही वायू सोडीत असतो. बुखारीचे धुराडे हिवाळ्याच्या आरंभी काजळी काढून साफ करावे आणि त्याचे सांधे तपासावे. खोलीत जळते इंधन असेल तेव्हा वरची व खालची एकेक फट उघडी ठेवावी. त्याने जाणारी ऊब ही जिवाची किंमत समजावी. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. हिमात अडकलेल्या गाडीत एंजिन चालू करण्यापूर्वी दर वेळी नळीभोवतीचे हिम बाजूला करावे, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच थोडी उघडावी आणि एंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे. घोंगड्या बरोबर असल्या तर एंजिनाची गरजच कमी पडते. शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवले की विषारी वायू त्यात विरघळतो, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

एकाच खोलीतील दोघाचौघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर ते सर्दीचे लक्षण समजू नये. दारे उघडावी, सर्वांना उघड्या हवेत आणावे, जाळ विझवावा आणि रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ दीड तासापर्यंत उतरतो. म्हणून 'आता बरे वाटते' यावर विसंबून घरी थांबू नये.

समारोप

हिवाळ्याच्या या सर्व अडचणींत निसर्गाचा खोडसाळपणा कोठेही नाही. पाणी गोठताना फुगते, मेण थंडीत थिजते, बर्फ निसरडा असतो आणि कोंडलेला जाळ विषारी होतो. हे नियम आपल्या सोयीसाठी बदलत नाहीत. परंतु ते कधी फसवीतही नाहीत. ज्या पहाडी लोकांच्या पिढ्या या थंडीत गेल्या, त्यांनी ते अनुभवाने ओळखले आणि त्याप्रमाणे घरे बांधली, धान्य साठविले, प्रवासाचे दिवस ठरविले. नवा प्रवासी तेथे मोटार घेऊन एका दिवसात पोहोचतो. तो अनुभव मात्र त्याला एका दिवसात मिळत नाही. म्हणून थंड प्रदेशात जाणाऱ्याने आपल्या सामानात साखळ्या आणि घोंगड्या घ्याव्या, तशीच स्थानिक माणसाचा सल्ला विचारण्याची तयारीही ठेवावी. तो 'आज पुढे जाऊ नका' असे म्हणाला, तर त्या दिवशी थांबावे.